'बट'ला 'पण' लावून मोकळे होणाऱ्यांसाठी

'इंग्रजी वाक्यात माणसाची भूमिका बदलण्याचे पाच सोपे नियम' नावाचा एक फॉरवर्ड गेले काही दिवस फिरतोय. शेवटी 'मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाला पाठवा' अशी आज्ञाही आहे. माझ्या भाचीने ती पाळली आणि नियम वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले, म्हणून हे लिहिणं आलं. पाचपैकी चार नियम चुकीचे आहेत, पाचवा अर्धा बरोबर आहे.

पहिला नियम म्हणतो: 'नॉट… बट…' म्हणजे 'नाही, पण'. 'बट'च्या आधी नेहमी स्वल्पविराम द्या आणि नंतर पूर्ण वाक्य लिहा.

हा नियम खपवून घेता येणार नाही. एकच उदाहरण बघा. वॉर्डात कुणीतरी डॉक्टरबाईंना नर्स समजून हाक मारतो. त्याची चूक दुरुस्त करायची तर वाक्य असं: 'शी इज नॉट अ नर्स बट अ डॉक्टर.' मराठीत आपण म्हणू, 'त्या नर्स नव्हेत, तर डॉक्टर आहेत.' आता फॉरवर्डच्या नियमाने लिहा: 'शी इज नॉट अ नर्स, बट शी इज अ डॉक्टर.' याचा अर्थ होतो, 'त्या नर्स नाहीत, पण डॉक्टर आहेत.' म्हणजे हवी होती नर्स, ती काही मिळाली नाही, डॉक्टर आहेत, चालतील का? शब्द जवळजवळ तेच राहिले आणि बाई दुरुस्तीवरून तडजोडीवर आल्या.

गंमत अशी की हा फरक मराठी माणसाला शिकवायची गरजच नाही. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत: 'तर' जुन्या भूमिकेच्या जागी नवी बसवतो, 'पण' जुनी नाकारून वर काहीतरी सवलत देतो. स्पॅनिशमध्ये हेच काम 'सिनो' आणि 'पेरो' करतात, जर्मनमध्ये 'झोन्डर्न' आणि 'आबर'. इंग्रजीकडे दोन्हीसाठी एकटा 'बट' आहे, म्हणून इंग्रजी हा फरक रचनेतून दाखवते. जाँ-क्लोद आन्स्कोम्ब्र आणि ओस्वाल्ड द्युक्रो या भाषाभ्यासकांनी 1977 मध्ये फ्रेंचमधले असेच दोन 'पण' वेगळे काढले. लॉरेन्स हॉर्न यांनी 1985 मध्ये 'लँग्वेज' या नियतकालिकातल्या लेखात इंग्रजी नकाराची चिकित्सा करताना तो धागा पुढे नेला. त्यांचा मुद्दा असा: 'बट'च्या पुढे नुसता तुकडा असेल तर दुरुस्तीचा अर्थ लागतो, पूर्ण वाक्य आलं की तो निसटतो. फॉरवर्डचा नियम नेमकं हेच पूर्ण वाक्य लिहायला लावतो.

हॉर्न यांचं दुसरं निरीक्षण मराठी माध्यमातून आलेल्यांना जास्त उपयोगी आहे. दुरुस्तीसाठी 'नॉट' सुटा हवा, 'अन-' किंवा 'इन-' होऊन शब्दाला चिकटलेला नकार चालत नाही. 'हिज रोल इज नॉट ऑफिशियल बट अ‍ॅडव्हायझरी' म्हणजे भूमिका अधिकृत नव्हे, तर सल्लागाराची. 'हिज रोल इज अनऑफिशियल बट अ‍ॅडव्हायझरी' म्हणजे भूमिका अनधिकृत आहे, तरीही सल्लागाराची आहे. आता दोन्ही विशेषणं त्याच्या गळ्यात पडली. शब्द वाचवायला म्हणून 'नॉट'चा 'अन' करणारे इथे फसतात.

आपलं वाक्य कोणत्या प्रकारचं आहे हे तपासायला दोन चाचण्या पुरतात. 'बट'च्या जागी मनात 'तर' ठेवा, मग 'तरीही' ठेवा, आणि कोणता बसतो ते बघा. शंका उरलीच तर वाक्य उलटा. 'शी इज अ डॉक्टर, नॉट अ नर्स' असं अर्थाला धक्का न लागता उलटलं, तर ती दुरुस्ती आहे. 'ही इज नॉट अ टीचर, बट ही टीचेस वेल' हे असं उलटतच नाही. तो 'पण'वाला 'बट', त्याला स्वल्पविराम आणि पूर्ण वाक्य दोन्ही शोभतात. दुरुस्तीच्या लहान वाक्यात 'बट'च्या आधी सहसा स्वल्पविराम लागत नाही. उलटलेल्या वाक्यात 'नॉट'च्या आधी मात्र तो हवाच.

'नॉट' कुठे ठेवायचा याबद्दल फॉरवर्ड गप्प आहे, आणि सगळ्यात जास्त घसरगुंडी तिथेच होते. 'नॉट'च्या पुढे जसा तुकडा, 'बट'च्या पुढे तसाच हवा. 'ही वॉज हायर्ड नॉट अ‍ॅज अ ड्रायव्हर बट अ‍ॅज अ मेकॅनिक': दोन्हीकडे 'अ‍ॅज', काटा सरळ. 'ही वॉज नॉट हायर्ड अ‍ॅज अ ड्रायव्हर बट…' असं बोलताना सर्रास चालतं, पण कागदावर वाचणाऱ्याला आधी वाटतं की त्याला घेतलंच नाही. 'नॉट टु लीड बट सर्व्ह' लिहू नका, दुसरा 'टु' खाऊ नका.

दुसरा नियम सर्वांत जास्त नुकसान करणारा. म्हणे, 'नॉट ओन्ली… बट ऑल्सो…' मधले 'ओन्ली' आणि 'ऑल्सो' शोभेचे आहेत, गाळले तरी अर्थ तोच. अर्थ तोच? 'आय वॉज नॉट ओन्ली अ डेव्हलपर बट ऑल्सो अ टेस्टर' यात दोन्ही कामं तुमच्या नावावर राहतात. 'ओन्ली' काढा, 'आय वॉज नॉट अ डेव्हलपर बट अ टेस्टर', आणि पहिलं काम तुम्ही स्वतःच्या तोंडाने नाकारलंत. समोरचा मुलाखतकार तेच लिहून घेणार. 'ओन्ली'ऐवजी 'जस्ट', 'मिअरली', 'सिम्पली' यांपैकी काहीही चालेल, 'ऑल्सो' कधीकधी गाळताही येतो. पण 'नॉट'च्या पाठीशी यांपैकी एक शब्द असलाच पाहिजे, नाहीतर भर घालायला गेलेलं वाक्य वजाबाकी करून येतं.

तिसऱ्या नियमावर वेळ घालवणं जिवावर येतं. म्हणे, 'लेस' मोजता न येणाऱ्या वस्तूंनाच लागतो, म्हणून 'लेस अ बॉस दॅन अ गाइड' चूक, तिथे 'फ्यूअर' हवं. 'फ्यूअर अ बॉस'! इथे बॉस मोजायला कुणी बसलेलं नाही. 'बॉस' हे वर्णन त्या माणसाला किती लागू पडतं एवढंच 'लेस' सांगतो. हीच तऱ्हा 'मोअर ऑफ अ गाइड दॅन अ बॉस'ची आणि 'नॉट सो मच अ बॉस अ‍ॅज अ गाइड'ची. या तिन्हींत जुनी भूमिका पुसली जात नाही, फक्त पारडं झुकतं, त्यामुळे माणूस थोडा बॉसही असेल तेव्हा हीच रचना प्रामाणिक. 'नॉट सो मच'च्या पुढे 'अ‍ॅज' येतो, 'बट' नव्हे. एकाच माणसाचे दोन गुण तोलताना 'मोअर शाय दॅन रूड' म्हणा. 'शायर दॅन रूड' म्हणू नका, 'शायर' मराठीत भलतीच भूमिका देऊन जातो.

चौथा: 'इन्स्टेड ऑफ' आणि 'रादर दॅन' कुठेही अदलून वापरा, आणि दोन नावं आली की क्रियापद अनेकवचनी करा. अदलाबदल थोड्या ठिकाणी जमते, सगळीकडे नाही. प्रत्यक्ष जागा घेतली असेल तर 'इन्स्टेड ऑफ': हेडमास्टरांनी शिक्षकाऐवजी तास घेतला. वर्णनाची निवड असेल तर 'रादर दॅन': 'ही इज अ गाइड रादर दॅन अ बॉस.' 'इन्स्टेड ऑफ'च्या पुढे क्रियापदाला 'इंग' लागतो, 'रादर दॅन लीड' मात्र चालतं. क्रियापदाचं म्हणाल तर भूमिका ज्याच्या वाट्याला आली त्याच्यामागे ते जातं. 'नॉट द प्लेअर्स बट द कोच इज रिस्पॉन्सिबल.' 'द कोच, नॉट द प्लेअर्स, इज रिस्पॉन्सिबल.' 'द कोच रादर दॅन द प्लेअर्स इज रिस्पॉन्सिबल.' तिन्हींत दोन नावं आहेत, तिन्हींत 'इज'. 'नॉट ओन्ली द कोच बट ऑल्सो द प्लेअर्स' असेल तर जवळच्या नावाप्रमाणे 'आर'.

पाचवा नियम: 'हे नाही, ते' अशी रचना दिसली की मजकूर यंत्राने लिहिलाय असं समजा, म्हणून ती कधीच वापरू नका. यातलं अर्धं नाइलाजाने मान्य करावं लागतं. चॅटबॉटना या रचनेची खोड आहे, आणि दर परिच्छेदात ती आली की वाचणारा वैतागतो. शिवाय जे कुणी म्हटलंच नव्हतं ते नाकारलं की नुकसान होतं. 'ही इज नॉट अ थीफ बट अ क्लर्क' म्हणा, बिचाऱ्या कारकुनाकडे सगळे वळून बघतील. वाचणाऱ्याच्या डोक्यात आधीची भूमिका खरोखर असेल तरच ती खोडायला जावं. पण 'कधीच नाही' हे कुठून आलं? 20 जानेवारी 1961 रोजी जॉन केनेडी अध्यक्षपदाच्या पहिल्या भाषणात म्हणाले, 'आस्क नॉट व्हॉट युअर कंट्री कॅन डू फॉर यू, आस्क व्हॉट यू कॅन डू फॉर युअर कंट्री.' घेणाऱ्या नागरिकाला एका वाक्यात देणारा केलं, तेही 'बट' न वापरता. तेव्हा कोणता चॅटबॉट होता?

राहिलं भाचीने दुसऱ्या नियमाप्रमाणे वहीत लिहिलेलं वाक्य, 'आय वॉज नॉट अ डेव्हलपर बट अ टेस्टर.' तिने कामं दोन्ही केली होती, टेस्टिंग जास्त. तोल दाखवायचा असेल तर 'आय वॉज मोअर ऑफ अ टेस्टर दॅन अ डेव्हलपर.' दोन्ही कामांचं श्रेय हवं असेल तर विरोधच काढून टाकावा: 'आय रोट कोड अँड टेस्टेड इट.' तिने दुसरं निवडलं.