एल्फिन्स्टनचं १८४८ चं मंडळ नक्की कुणाचं होतं?

नमस्कार. मुंबईतल्या एल्फिन्स्टनच्या १८४८ च्या विद्यार्थी मंडळावरच्या माझ्या लेखाला तुम्ही प्रतिक्रिया दिलीत. तुमचे आक्षेप दोन. मुंबई विद्यापीठच १८५७ चं, मग १८४८ मध्ये 'कॉलेजातलं मंडळ' आलं कुठून? आणि हे मंडळ, म्हणजे स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी, ही इंग्रज प्राध्यापकांची निबंधवाचनाची सभा होती, तिला विद्यार्थ्यांचं मंडळ म्हणणं ओढूनताणून आहे.

पहिल्यात शब्दापुरतं तुमचं बरोबर. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन ही 'इन्स्टिट्यूशन' होती. कॉलेज आणि हायस्कूल वेगळी झाली १८५६ मध्ये. लेखातला शब्द बदलतो. मंडळ विद्यापीठाच्या नऊ वर्षं आधीचं, हे मात्र कायम.

दुसरा आक्षेप मान्य नाही. एल्फिन्स्टनमधले प्रा. पॅटन यांचं प्रोत्साहन होतं, आणि सभासदांत माजी विद्यार्थी व तिथेच शिकवू लागलेले तरुणही होते. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. पण मूळ सभेचं काम इंग्रजीत चालायचं, म्हणून त्याच वर्षी मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचे, म्हणजे मराठी ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग. १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक निघालं, ते १८६७ पर्यंत चाललं. इंग्रजी न येणाऱ्या वाचकासाठी एवढा खटाटोप प्राध्यापकांच्या हुकमावरून होत नसतो.

आणि मुलींच्या शाळा तुम्ही पूर्ण वगळल्यात! ऑक्टोबर १८४९ मध्ये सभासदांनी पारशी मुलींसाठी चार आणि मराठी मुलींसाठी तीन शाळा काढल्या. इमारत नाही, पगारी शिक्षक नाहीत. आधी घरोघर जाऊन वर्गासाठी ओटीवरची जागा मागायची, मग त्याच घरातल्या मुलींना बसवायची परवानगी मागायची. काही वडिलांनी तर जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी दिली. शिकवणं सकाळी, आपापल्या कामाची वेळ व्हायच्या आत, आणि विनामोबदला. पैसा आणि जागा नंतर आली: कामा घराण्यानं देणग्या दिल्या, जगन्नाथ शंकरशेटांनी मराठी शाळेला जागा दिली. फुकट शिकवणारे पुढे नोकरीधंद्यात अडकतात, म्हणून अशा शाळेला पगारी शिक्षक लागतातच. देणग्यांचं मोल तिथे कळतं.

या मंडळाला 'वादसभा' म्हणताना त्याचा एक नियमही लक्षात घ्या. धर्म आणि राजकारण हे विषय सभेत वर्ज्य होते. १८३९ मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांनी दोन पारशी मुलांना बाप्तिस्मा दिल्यावर शहर पेटलं होतं. धर्माचा विषय निघाला असता तर पालकांनी मुलं काढून घेतली असती. ज्यांना जातिभेदावर बोलायचं होतं त्यांना वेगळी जागा शोधावी लागली. दादोबांची जातिभेदाविरुद्धची परमहंस सभा १८४९ ची, आणि ती गुप्त होती, हे त्या नियमाशेजारी ठेवून वाचा.

जुनी कागदपत्रं बघणार असाल तर एक सांगतो. 'ज्ञानप्रसारक' हे नाव मराठी सभेचं, गुजराती शाखेचं आणि मासिकाचंही आहे. नुसतं नाव दिसलं की आधी भाषा बघा, मग साल. तुम्ही जिला प्राध्यापकांची सभा म्हणता ती इंग्रजी मूळ सभा. तिच्या शाखांचा हिशेब तुमच्या प्रतिक्रियेत आलेलाच नाही.