फोकस भाऊंवर

साताऱ्यात कुणी नवा कॅमेरा घेतला की पहिल्या रविवारी त्याला कासला न्यावंच लागतं. मीही नेला. यवतेश्वरचा घाट चढून वर पोचलो, तर शेजारी उभी असलेली आपली बायको आवाजावरून ओळखावी लागेल इतकं धुकं. (ओळखू येत होती. त्या बाबतीत अडचण नव्हती.) 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात घेतलेलं हे पठार आमच्या कॅमेऱ्याला मात्र दिसेना. बटण अर्धं दाबलं की लेन्स खर्र करून पुढे जायची, खर्र करून मागे यायची आणि पुन्हा पुढे. फोटो काही निघायचा नाही.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं. तो म्हणाला, "मामा, साध्या ऑटोफोकसला फूल, माणूस, म्हैस काही कळत नाही. त्याला कळते ती कड. उजेड-अंधार जिथे एकमेकांना भिडतात ती रेघ. धुक्यात रेघच नाही, तर ते धरणार काय?"

"मग?"

"तेवढ्याच अंतरावरची दुसरी एखादी ठळक वस्तू धरायची. हाफ प्रेस करून बोट तसंच ठेवायचं, कॅमेरा फुलाकडे वळवायचा आणि मग पूर्ण दाबायचं."

ठळक वस्तू म्हणून काळी छत्री सापडली. ती घेऊन बायकोला फुलाशेजारी ओल्या दगडावर उकिडवं बसवलं. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरी अडचण छत्रीची नव्हतीच, त्या हाफ प्रेसची होती. आमच्या मुलखात अर्धं काही करायची पद्धत नाही. इकडे रस्सा वाढतात तो ताटाबाहेर जाईपर्यंत आणि फोनवर बोलतात ते फोन नसता तरी पलीकडे पोचलं असतं अशा आवाजात. अशा माणसाच्या तर्जनीने बटण अलगद अर्ध्यावर नेऊन तिथे श्वास रोखून थांबायचं! खटकन पूर्णच दाबलं जायचं आणि पडद्यावर धूसर काहीतरी उमटायचं.

धुकं जरा विरलं तेव्हा सीतेची आसवं दिसली. निळसर जांभळी, नखाएवढी, वाऱ्यावर सारखी डुलणारी. मी मांडी ठोकून लेन्स अगदी फुलाला टेकवली. पुन्हा खर्र. माझ्या लेन्सला निदान पाव मीटर अंतर लागतं म्हणे, आणि तेही लेन्सच्या टोकापासून नाही, आतल्या सेन्सरपासून. सेन्सर कुठे आहे ते कळावं म्हणून कॅमेऱ्याच्या डोक्यावर वर्तुळ आणि त्यातून गेलेली रेघ अशी बारीक खूण असते. ती मी तोवर कंपनीची शोभा समजत होतो. मागे सरकलो, बटण दाबलं. फूल धूसरच आलं, पण त्याच्या मागे उभ्या असलेल्या कुणा पर्यटकाच्या बुटाची नाडी इतकी स्पष्ट आली की तिचा सुटत आलेला धागा मोजावा.

1977 मध्ये जपानच्या कोनिकाने सी35 एएफ हा कॅमेरा बाजारात आणला आणि आपोआप फोकस करणारा कॅमेरा पहिल्यांदाच सामान्य गिऱ्हाइकाच्या हातात आला. तोवर फोटो बिघडला की शिव्या कुणाला घालायच्या ते ठरलेलं होतं. आता फोटो काढणारा कॅमेऱ्याकडे बोट दाखवतो आणि कॅमेरा आपल्या मर्जीने बुटाकडे.

पण खरी परीक्षा आप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, पंचाहत्तरीला झाली. सांगलीहून सगळं माहेर आलेलं. लहान पोरं पळत होती म्हणून भाच्याने कॅमेरा सतत फोकस करत राहणाऱ्या मोडवर टाकला. त्या मोडवर फोकस झाल्याचं 'पीप' वाजत नाही. सासूबाईंना हे कुणी सांगितलं नाही. त्यांच्या हिशेबाने 'पीप' वाजला म्हणजे फोटो निघाला. त्या पदर सावरून, मान ताठ करून, श्वास धरून उभ्या राहिल्या. मी क्लिक केलं. त्या तशाच. पुन्हा क्लिक केलं. त्या तशाच, फक्त आता जरा लाल.

"आई, झाला फोटो."

ओठ न हलवता त्या म्हणाल्या, "जावईबापू, अजून वाजलं नाही."

शेवटी भाच्याने मागे उभं राहून तोंडाने "पीप!" केलं, तेव्हा त्यांनी श्वास सोडला. पुढचे सगळे फोटो त्याच्या तोंडी पीपवर निघाले.

मग पूर्ण कुटुंबाचा ग्रुप फोटो. आप्पा मधल्या खुर्चीत, बाकीचे आजूबाजूला. पन्नास एमएमची लेन्स, तिचं छिद्र एक पॉइंट आठवर, चांगलं मोठं उघडलेलं, म्हणजे मागचं सगळं छान धूसर होतं. चेहरे ओळखणारा मोडही लावला. आता चुकायला जागाच नव्हती. पण मागे चौकात फ्लेक्स होता. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. मधोमध भाऊ, गॉगल कपाळावर सरकवलेला, हात जोडलेले, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. आमच्याकडचे चेहरे पदराआड, टोपीखाली, जांभई देताना, शेजारणीशी बोलताना. फ्लेक्सवर मात्र प्रत्येक जण समोर बघून हसतोय, डोळे उघडे, उजेड चांगला, आणि कुणी हलत नाही. मी कॅमेरा असतो तर मीही तेच केलं असतं.

गडबडीत पडद्यावर कुणी नीट पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आप्पांनीच फर्मान काढलं, "मोठा करून आणा, हॉलमध्ये लावू." मी कार्ड घेऊन राजवाड्याजवळच्या फोटोच्या दुकानात गेलो. पोऱ्याने फोटो कॉम्प्युटरवर उघडला, मोठा केला, अजून मोठा केला आणि खूश होऊन माझ्याकडे बघितलं.

"काका, भाऊंचा एकदम कडक आलाय. पुढं ही धुरकट माणसं आलीत, ती कापू का?"