१५ जूनच्या आत

शाळेच्या बांधकामाशी ज्याचा म्हणून संबंध येतो, त्याला एक वाक्य तोंडपाठ असतं: "१५ जूनच्या आत होऊन जाईल." आर्किटेक्ट नकाशाची गुंडाळी सोडताना ते म्हणतो, कॉन्ट्रॅक्टर ॲडव्हान्सचा चेक खिशात घालताना म्हणतो, आणि संस्थेच्या सभेत मीही म्हणतो, कारण इमारत समिती माझ्या गळ्यात आहे. शाळा मुलींची, पुण्यातल्या पेठेतली. गल्ली अशी, की समोरून रिक्षा आली तर मागे कोणी घ्यायचं यावर आधी परिसंवाद होतो. एवढी ओळख पुरे.

आता हिशेब बघा. मे महिन्याची सुट्टी २ मे ते १४ जून धरली तर ४४ दिवस मिळतात. काम तसं किरकोळ: कॉलम उभे आहेत, तीन वर्गांवरचे जुने पत्रे काढून स्लॅब टाकायचा. पत्रे उतरवायला ४ दिवस, सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा टेकूंवरचा साचा) आणि लोखंड बांधायला १२. म्हणजे १८ मेला स्लॅब पडतो. मुख्याध्यापिका बाई लगेच म्हणतात, "मग वीस तारखेला वर्ग रंगवायला घेऊ या ना!"

इथे त्यांना टेकू समजावून सांगावे लागतात. काँक्रीट ओतल्यावर तुळईखालचे टेकू लगेच काढता येत नाहीत. ६ मीटरपर्यंतच्या तुळईला १४ दिवस, त्यापुढे २१ दिवस. आमचा वर्ग २० बाय २५ फुटांचा. २० फूट म्हणजे ६ मीटर आणि वर जेमतेम १० सेंटिमीटर. या १० सेंटिमीटरने आमचे ७ दिवस खाल्ले. नकाशातच अर्धा फूट कमी केला असता तर एक आठवडा वाचला असता, पण हे लक्षात येईपर्यंत लोखंड कापून झालेलं असतं. आता टेकू निघणार ८ जूनला. उरलेल्या सहा दिवसांत प्लास्टर, वायरिंग, फरशी आणि रंग. त्यातल्या नुसत्या प्लास्टरलाच आठवडाभर पाणी मारावं लागतं. तरी सभेच्या इतिवृत्तात १५ जूनच लिहिलेलं असतं.

स्लॅबचा दिवस म्हणजे घरचं कार्य. नारळ, पेढे, हौसेने आलेले विश्वस्त. पाच इंच जाडी धरली तर एका वर्गाच्या स्लॅबला २०८ घनफूट, म्हणजे दोन ब्रासच्या किंचित वर काँक्रीट लागतं. तयार काँक्रीट आणणारा सहा घनमीटरचा एक मिक्सर ट्रक म्हणजे तुळया सोडून एक वर्ग, हे गणित सातवीच्या मुलींनाही घालता येईल. गल्लीत मिक्सर शिरत नाही, त्यामुळे तो हमरस्त्यावर उभा करायचा आणि पंपाचे पाइप शाळेपर्यंत आणायचे. प्लांटवर सिमेंटला पाणी लागल्यापासून साधारण दोन तासांत माल रिकामा व्हायला हवा. त्यातला मोठा वाटा पुण्याचा ट्रॅफिक घेतो. माल घट्ट होऊन येतो आणि मग मुकादमाच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडतं, "जरा पाणी मारा, पळत नाहीये."

पाणी घातलं की माल पळतो, यात शंका नाही. पण ते जास्तीचं पाणी नंतर उडून जातं, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि ताकद घटते. म्हणून त्या दिवशी मिक्सरच्या पाण्याच्या नळाशेजारी खुर्ची टाकून एक खमका माणूस बसवावा. शाळेत असा माणूस शोधावा लागत नाही. पी.टी.च्या बाई असतात, आणि त्यांच्याकडे शिट्टी असते.

आदल्या संध्याकाळी मात्र स्वतः वर चढून बघावं. सळई साच्यापासून उचलून धरणारे २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक तिच्याखाली आहेत, की गवंड्याने हाताला आली ती दगडाची कपची सरकवली आहे? कपची सरकली की सळई साच्याच्या प्लायवूडला टेकते, पुढे गंजते, फुगते आणि दहा वर्षांनी नागरिकशास्त्राच्या तासाला छताचा पोपडा पडतो. दोष अर्थात पावसाला दिला जातो.

त्यानंतर पाणी मारणं. स्लॅबवर मालाची आळी करून दहा दिवस पाणी साठवून ठेवायचं. सोमवार ते शनिवार ते साठतं. रविवारी वॉचमनमामा गावाला जातात आणि मे महिन्याच्या उन्हात स्लॅबलाही साप्ताहिक सुट्टी मिळते. सोमवारी वर केसासारख्या भेगांचा नकाशा दिसतो. तपासणीसाठी भरून ठेवलेल्या १५ सेंटिमीटरच्या ठोकळ्यांची कथा वेगळीच. सहा भरायचे, तीन सातव्या दिवशी फोडायचे, तीन अठ्ठाविसाव्या. अठ्ठाविसाव्या दिवशी दोनच सापडतात. तिसरा स्टाफरूमच्या दाराला वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला असतो. बिचारा तिथे उत्तम काम करत असतो.

हे झालं सुट्टीतलं. शाळा चालू असताना खोदकाम काढलं तर भूगोलाशी गाठ पडते. मुरुमाखाली काळा पाषाण लागला की पोकलेनला ब्रेकर लावावा लागतो. साडेसहा कोटी वर्षं निवांत पडून राहिलेला हा दगड नेमका सहामाहीच्या गणिताच्या पेपरला फोडायचा असतो. त्यामुळे कॉन्ट्रॅक्टरच्या करारात पैशांच्या आधी शाळेचं वेळापत्रक जोडावं: आवाजाची कामं शाळा सुटल्यावर, बोर्डाचं केंद्र असेल तर ते दिवस पूर्ण बंद. पालख्या पुण्यात मुक्कामी असताना आणि गल्लीत गणपतीचा मांडव पडल्यावर ट्रक येत नाहीत, हेही त्यात लिहावं. नाहीतर "आम्हाला कुठे माहीत होतं" हे उत्तर पुण्यातच जन्मलेल्या माणसाकडून ऐकावं लागतं.

मुलींच्या शाळेत कामगारांचं फाटक वेगळं हवं, पत्र्याचं कुंपण सलग हवं आणि हजेरीची वही रोजची हवी. यावर चर्चा नको. कामगारांना त्यांच्या बाजूला स्वतंत्र संडास बांधून द्या, तेही पहिल्या दिवशी. हे जिथे विसरतात तिथे पुढचे सगळे नियम आपोआप मोडतात.

पण इमारतीची खरी परीक्षा होते ती मुलींच्या स्वच्छतागृहात. शाळेत ६०० मुली. मधल्या सुट्टीत त्यातल्या २०० तरी जाणार. प्रत्येकीला दोन मिनिटं धरली तर २० मिनिटांच्या सुट्टीत एका संडासात दहा जणी. म्हणजे वीस संडास हवेत. नकाशात आठ असतात आणि त्यातला एक फिनेल-खराट्यांनी बळकावलेला. यावर पाचवी-सहावीची सुट्टी दहा मिनिटं आधी सोडणं हा सिमेंट न लागणारा उपाय आहे. आठाचे वीस होत नाहीत, पण रांग व्हरांड्यातून जिन्यावर जात नाही. कॉन्ट्रॅक्टरला तो आवडत नाही, कारण त्याचं बिल होत नाही.

फरशीचा उतार बघायला इंजिनिअर लागत नाही. तांब्याभर पाणी ओता. ते नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतल्या जाळीकडे, गेलं तर ठीक. बहुतेकदा ते दाराकडे येतं, आपल्या स्वागताला. खालच्या वॉटरप्रूफिंगची परीक्षाही साधीच: तोंडं बोळ्यांनी बंद करायची, पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची रेघ मारायची आणि दोन दिवस खालच्या वर्गाचं छत बघायचं. छत कोरडं निघालं की सगळे खूश होतात, आणि तिसऱ्या दिवशी प्लंबर छिन्नी घेऊन येतो, कारण एक पाइप राहिलेला असतो. पाइप आधी, वॉटरप्रूफिंग नंतर, हा क्रम मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवला. प्लंबरने पाइप नेमका त्या कागदातून काढला.

प्रत्येक खणात झाकणाची कचरापेटी आणि शेजारी कागदाचे तुकडे हवेतच. नाहीतर पॅड पाइपात जातात आणि चेंबर तुंबतं. पॅड जाळायचं यंत्र घेतलं तर त्याला १५ अँपिअरचा प्लग आणि धूर बाहेर नेणारी नळी लागते. यंत्र आलं, प्लग नाही, या अवस्थेत ते खोक्यासकट वर्षभर राहू शकतं. आतून एक खुंटी हवी. ओढणी आणि दप्तर घेऊन आलेली मुलगी ते ठेवणार कुठे, हा प्रश्न पुरुष आर्किटेक्टला पडत नाही. मलाही पडला नव्हता. सेविका मावशींनी सांगितलं.

आणि कडी! सुतार कडी स्वतःच्या छातीच्या उंचीवर बसवतो. पाचवीतल्या मुलीला त्यासाठी हात वर करावा लागतो. ती तीन फुटांवर हवी. दार पीव्हीसीचं, आतून पोकळ, त्यात पाऊण इंची स्क्रू. पंधरा दिवसांत चारातले तीन स्क्रू गळतात आणि कडी एकावर लोंबकळते. शाळेतल्या मुली जोडीजोडीने का जातात, याचं कारण बरेचदा हेच असतं: एक आत, दुसरी बाहेर दार धरून. उपाय आरपार बोल्ट आणि मागे नट. एका दाराला चार. कोट्यवधींच्या अंदाजपत्रकात ही ओळ शोधून सापडत नाही.

परवा कॉन्ट्रॅक्टर आला होता. त्याने हात जोडून सांगितलं, "बाई, १५ ऑगस्टला झेंडावंदन नव्या इमारतीसमोर." बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "नाहीतर मग सावित्रीबाईंच्या जयंतीला करू, ३ जानेवारीला. मुलींची शाळा, शोभेल पण." सगळ्यांना एकदम पटलं. पत्रिकेचा मजकूरही तिथल्या तिथे तयार झाला. ३ जानेवारी कुठल्या वर्षीची, ते विचारायचं तेवढं राहून गेलं.