जावास्क्रिप्टच्या ‘वेडेपणा’चे पुरावे तपासताना

वेबपानांसाठीच्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेबद्दल ‘ती दहा दिवसांत उरकलेली, तर्काचा गंध नसलेली भाषा आहे,’ असा दावा आणि त्याखाली पुरावा म्हणून पाच-सहा चमत्कारिक उदाहरणे, असा एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. उदाहरणे खोटी नाहीत. ती चालवून पाहिली तर सांगितलेलीच उत्तरे येतात. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र बहुतेक ठिकाणी टिकत नाही, आणि जिथे भाषा खरोखर दोषी आहे तिथे हा मजकूर नुसता हसून पुढे जातो.

पहिला पुरावा बेरजेचा आहे: ०.१ आणि ०.२ मिळवल्यास ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ येते. हेच उत्तर पायथन ही भाषा देते, आणि जावा या वेगळ्या भाषेतील अपूर्णांकांचा डबल प्रकारही तेच देतो, कारण या सर्व भाषा आय-ट्रिपल-ई ७५४ या १९८५ च्या मानकानुसार ६४ बिटांत अपूर्णांक साठवतात. एक तृतीयांश जसा दशमान पद्धतीत कधीच पुरा लिहिता येत नाही, तसा एक दशांश द्विमान पद्धतीत आवर्ती ठरतो आणि कुठेतरी तोडावाच लागतो. ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ असे सांगणारे) हे मूल्य स्वतःशीच समान नसते, हा दुसरा पुरावाही त्याच मानकातून आलेला आहे.

तिसऱ्या पुराव्यात ‘१०’ हीच स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) तीनदा असलेल्या ॲरेवर, म्हणजे यादीवर, मॅपमधून (प्रत्येक घटकावर एकच फंक्शन चालवणाऱ्या सोयीतून) पार्सइंट हे मजकुरातून पूर्णांक काढणारे फंक्शन चालवले जाते आणि १०, नॅन, २ अशी उत्तरे येतात. येथे थोडे थांबायला हवे, कारण प्रत्येक उत्तर नियमाने आलेले आहे. मॅप दिलेल्या फंक्शनला घटकाबरोबर त्याचा शून्यापासून मोजलेला क्रमांकही पुरवतो, आणि पार्सइंट दुसऱ्या जागी आलेल्या आकड्याला संख्यापद्धतीचा पाया समजते. त्यामुळे पहिल्या घटकाला पाया ० मिळतो, म्हणजे पाया दिलाच नाही असे धरून दशमान वापरले जाते. दुसऱ्याला १ मिळतो, जो ग्राह्यच नाही. आणि तिसऱ्याला २ मिळतो, ज्या पद्धतीत ‘१०’ म्हणजे दोनच. दोन फंक्शने एकमेकांची कागदपत्रे न वाचता जोडली की असे होते. जास्तीचे आर्ग्युमेंट (फंक्शनला पुरवलेले मूल्य) मुकाट्याने स्वीकारणे ही भाषेची सैल बाजू आहे, हे मान्य. पण याला तर्कहीनता म्हणता येत नाही.

‘नल’चा, म्हणजे ‘काहीच नाही’ दर्शवणाऱ्या मूल्याचा, प्रकार विचारल्यावर ‘ऑब्जेक्ट’ (गुणधर्म एकत्र बाळगणारी रचना) असे उत्तर येते, हा आरोप मात्र पूर्णपणे खरा आहे. पहिल्या अंमलबजावणीत ऑब्जेक्टची खूण शून्य होती आणि नलही शून्यांनीच दर्शवला जात होता, म्हणून तपासणीत दोन्ही एकच ठरले. दुरुस्तीचा प्रस्ताव पुढे आलाही होता. परंतु जुनी संकेतस्थळे मोडतील म्हणून तो नाकारण्यात आला.

दहा दिवसांची गोष्टही अर्धीच सांगितली जाते. जावास्क्रिप्टचे निर्माते ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत तेवढ्या अवधीत केला तो प्रारंभिक नमुना होता. पहिले प्रमाणित स्वरूप १९९७ चे आहे. जानेवारीला शून्यावा महिना मानणारी तारखेची विचित्र रचना तर घाईतून सुचलेली नाहीच, ती त्या वेळच्या जावातून उचललेली आहे.

खरा दोष यादीत विनोद म्हणून येतो. रिकामी स्ट्रिंग शून्याशी समान, ‘०’ ही स्ट्रिंगही शून्याशी समान, पण त्या दोन स्ट्रिंगा परस्परांशी असमान: दुहेरी बरोबरचिन्हाची ही तुलना न सांगता प्रकार बदलते, आणि त्यातून निघणारी चूक कोणताही इशारा न देता पुढे सरकते. भाषेच्या मानकाच्या १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत तिहेरी बरोबरचिन्हाची काटेकोर तुलना प्रमाणित झाली. जुनी तुलना मात्र ठेवावीच लागली, कारण तिच्यावर विसंबलेली पाने तोवर सर्वत्र पसरली होती.