सोलर दिव्याला स्क्रू का नको? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, सोलर दिव्याचा डबा चिकटवून बंद करण्याऐवजी स्क्रूनं उघडता येईल असा हवा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप दोन. दिवा चिकटवून बंद केला नाही तर पुण्याच्या पावसात टिकणार नाही; आणि ‘लवकर मरावा असा बनवलेला माल’ हा माझा आरोप म्हणजे निव्वळ कटकथा.

पाणी अडवायला गोंदच लागतो असं नाही; झाकणाच्या सांध्यात बसणारी रबरी पट्टी, म्हणजे गास्केट, तेच काम करते. रस्त्यावरच्या चांगल्या एलईडी दिव्यांना आयपी ६५ किंवा ६६ रेटिंग (धूळ-पाणी किती अडतं त्याचा दर्जा) असतं, तरी त्यांची झाकणं उघडता येतात. उलट चिकटवलेला सांधा उन्हानं तडकला, की आत शिरलेलं पाणी काढायलाही वाट उरत नाही.

आता मरतं काय ते बघा. रोज सहा तास म्हणजे वर्षाला सुमारे २,२०० तास. २५,००० तासांचा एलईडी अकरा वर्षं चालावा. त्याच डब्यातला सेल, म्हणजे बॅटरी, मात्र एप्रिल-मेमध्ये पॅनलखाली भाजतो, पावसाळाभर अर्धपोटी राहतो आणि दोन-तीन वर्षांत मान टाकतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिक बाजारात नवा सेल शे-दीडशेत मिळेल. (घेताना जुन्यावरचा आकडा बघा. ३.२ व्होल्टचा लिथियम फॉस्फेट सेल ३.६५ वर पूर्ण चार्ज होतो, ३.७ वाला ४.२ वर. दिसायला सारखे, पण अदलाबदल अजिबात नको.) पण त्या सेलपर्यंत पोचायला हॅक्सॉ ब्लेड लागतं, तिथे सगळं अडतं.

कटाचं म्हणाल, तर १९२४च्या अखेरीस एकत्र आलेल्या बल्ब कंपन्यांच्या टोळीनं, फीबस कार्टेलनं, बल्बचं आयुष्य पुढे ठरवून हजार तासांवर आणलं होतं, ती गोष्ट खरी आहे. सोलर दिव्यांत तसं काही शिजलंय असं मी म्हणत नाही. तशी गरजच नाही. बऱ्याच खोक्यांवर वॅट ठळक, किंमत ठळक, आत सेल कुठला ते कुठेच नाही. गिऱ्हाईक विचारत नाही, कारखाना सांगत नाही, आणि धडधाकट पॅनल एका सेलपायी भंगारात जातं.

युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला काढता आली पाहिजे. पाण्यात वापरायच्या काही वस्तूंना सूट आहे, पण तिथेही बाहेरच्या कारागिराला ती काढता यायला हवी. म्हणजे पावसाची सबब तिथेही पूर्ण चालत नाही.

तुमची उभी हयात भोसरीत मोल्डिंगमध्ये गेली, असं तुम्हीच लिहिलंय. मग सांगा, अशा डब्याला चार स्क्रू आणि एक गास्केट द्यायचं तर नगामागे खर्च कितीनं वाढेल?