लॉग आउट होऊनही आतच

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या मंडळाच्या संकेतस्थळावर 'लॉग आउट' दाबले की सभासदाचे नाव नाहीसे होते, पण ब्राउझरचे 'बॅक' बटण दाबताच काकूंच्या वर्गणीची पावती जशीच्या तशी पुन्हा समोर येते आणि मग फोन मलाच येतो. संकेतस्थळ बांधणाऱ्याचे उत्तर ठरलेले असते: "कॅशे साफ करा", म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या पानांच्या प्रती पुसा. अहो, खासगी पानासोबत 'कॅशे-कंट्रोल: नो-स्टोअर', म्हणजे 'याची प्रत साठवू नको' ही सूचना, पाठवणे हे सर्व्हरचे काम आहे, सत्तरीच्या काकूंचे नव्हे!

त्याहून संताप येतो तो कुकीचा, म्हणजे लॉग-इनची ओळख म्हणून ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीचा. लॉग-इनच्या वेळी तिचा पाथ (संकेतस्थळाच्या ज्या भागासाठी ती आहे त्याचा पत्ता) '/मेंबर' असा ठेवायचा आणि पुसताना नुसता '/' लिहायचा, मग ब्राउझर तिला निराळी कुकी समजणार आणि मूळची जागच्या जागी राहणार, हे उघड आहे. नाव, डोमेन (संकेतस्थळाचे नाव) आणि पाथ ही तिन्ही जुळल्याशिवाय ती जात नाही, असे २०११ च्या आरएफसी ६२६५ या कुकीविषयीच्या प्रमाण दस्तऐवजातच नमूद आहे. सर्व्हरवरचे सेशन (लॉग-इन चालू असल्याची नोंद) तर रद्द केलेलेच नसते, म्हणजे कुलूप न लावता दारावर 'बंद आहे' अशी पाटी तेवढी टांगलेली. बटणाचा रंग मात्र प्रत्येक तक्रारीनंतर हमखास बदलतो.