आधी रांगा मोडा

रुग्णालयांत खाटा आणि यंत्रं वाढवली की सेवा आपोआप सुधारेल, हा तुमच्या लेखातला मुद्दा मला अर्धाच पटला. आता होतं काय, तर सगळ्या पेशंटना सकाळी एकदम बोलवायचं. केसपेपरची एक रांग, तपासणीची दुसरी, रक्त द्यायची तिसरी, आणि रिपोर्ट दाखवायला पुन्हा दुसरीतच! इथे नवं मशीन काय करणार? अमेरिकेतल्या सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००२ पासून चक्क टोयोटाच्या कारखान्यातली पद्धत उचलली आणि पेशंटची पायपीट, खोळंबा कुठे होतो ते शोधून तो कमी केला.

शस्त्रक्रियेआधी-नंतर मोठ्याने वाचायची जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी (पेशंट तोच ना, शस्त्रक्रिया कुठली, वगैरे तपासायची) तर जवळजवळ फुकट. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं (२००९ चा अभ्यास). पण कॅनडातल्या ऑन्टॅरिओत ती सरसकट लागू झाली, तेव्हा २०१४ च्या अभ्यासात म्हणावा तसा फरक दिसला नाही. नुसत्या खुणा करून कागद फाईलला लावला, तर दुसरं काय होणार? (वरून आलेल्या फॉर्मचं नशीब सगळीकडे सारखंच.)

आणि हो, डिस्चार्जच्या वेळी गोळ्या कशा घ्यायच्या ते पेशंटकडूनच परत वदवून घ्या. दोन मिनिटंही लागत नाहीत.